खोक्याला कान लावणारा डॉक्टर

डॉक्टर कॉम्प्युटरला कान लावायचा. ते खोकं टेबलावरून खाली उतरवून घ्यायचा, शेजारी उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि थोड्या वेळाने निदान सांगायचा, "व्हायरस हाये अंदर." निदान कायम हेच. सावली गावात तेव्हा कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या या दुरुस्तीवाल्याला तालुकाभर 'डॉक्टर' म्हणून मान होता. नागपूरच्या कुठल्याशा क्लासचं सर्टिफिकेट त्याने फ्रेम करून घेतलं होतं आणि ते मोटारसायकलच्या डिक्कीत घेऊन हिंडायचा. कोणी मागायच्या आतच दाखवायचा.

स्क्रीनवरचं काहीही वाचायचं नाही, हा त्याचा दुसरा गुण. सूचना आली की दाबलंच 'वाय', म्हणजे 'हो'. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "इंग्रजीत लिवलं हाये म्हंजे आपल्याले भेव दाखवासाठीच लिवलं हाये. दाबाचं आन् पुढं जाचं." एवढ्या भांडवलावर लोक त्याला चहा पाजत.

मी तेव्हा गावातली गाणी गोळा करणाऱ्या एका लहानशा संस्थेत होतो. आमच्या दानात मिळालेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती, आणि त्यात काशीबाईचा आवाज होता. काशीबाई ढिवरांची; घरची मासेमारी, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत रोवणा, म्हणजे भातखाचरांत लावणी. रोवण्याची तिच्याइतकी गाणी कोणाला येत नव्हती. आमच्याकडे कॅसेटी मोजक्या, म्हणून गाणं कॉम्प्युटरवर उतरलं की त्याच कॅसेटवर दुसऱ्या बाईचं भरायचो. हे शहाणपण मात्र डॉक्टरचं नव्हे, आमचंच.

काशीबाई वारली. तिची मुलगी शेवंता येऊन म्हणाली, "भाऊ, तेरवीले मायचा आवाज आयकाचा हाये." मी हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर रांगायला लागला. एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी डिस्कचा वेग तपासला, तर पूर्वीच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता. कॉम्प्युटरने ठेवलेल्या नोंदी वाचल्या. डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या केबलमधून माहिती चुकीची येत होती, म्हणून लिनक्सने आपणहून वेग कमी केला होता. ती केबल महिन्यापूर्वी डॉक्टरनेच बसवली होती.

संस्थेच्या अध्यक्षांनी डॉक्टरलाच बोलावलं. मी चाचरत म्हणालो, "डॉक्टर, आधी केबल बदलू. मग गाणी दुसऱ्या डिस्कवर काढून घेऊ, नंतर काय ते करा."

"केबल म्या लावली हाये!" तो भडकला. "तू टायपिंग कर. मले शिकवू नोको."

मग त्याने डिस्क चालू असतानाच तिची दुरुस्ती सुरू केली. पडद्यावर स्पष्ट इशारा आला, की असं केल्याने आतल्या मजकुराचं भयंकर नुकसान होईल, पुढे जायचं का? मी तो शेवटपर्यंत वाचला. डॉक्टरने 'वाय' दाबलं. त्यानंतर प्रश्नांची रांग लागली आणि हा गृहस्थ वाटाणे सोलावेत तसा 'वाय' दाबत राहिला. संपल्यावर हात झटकून म्हणाला, "झालं साफ."

साफच झालं होतं. तो गेल्यावर मी केबल बदलली, तर डिस्क पळायला लागली. तिला काहीच झालं नव्हतं. आत फक्त नावाऐवजी नुसते आकडे असलेले फाईलींचे तुकडे उरले होते, आणि त्यातला एकच वाजला. त्यात काशीबाई गाण्याआधी खाकरते आणि म्हणते, "चालू झालं का रे?" पुढे काही नाही.

डॉक्टर शेवंताला भेटून सांगून आला होता, "मशीनच म्हातारी होती, बाई." मग कोरपना गावाकडे त्याचं बस्तान बसलं म्हणे. तिथेही कोणीतरी चहा पाजत असेलच.

शेवंताने तो तुकडा तीनदा ऐकला. मी तिला सगळं खरं सांगितलं. केबल, इशारा, डॉक्टरचं न वाचणं. डॉक्टरला चार शिव्याही घातल्या. ती पदर सावरत उठली आणि म्हणाली, "त्याले वाचता नोयतं येत, भाऊ. तुमाले तं येत होतं. मंग त्याचा हात काऊन नाई धरला?"

डॉक्टरला शिव्या घालणं सोपं आहे. मी अजून तेच करतो.