मुरूमला, आजोबांनी न दिलेल्या मतासाठी

दुकानाच्या नव्या इमारतीवर पाटी लावायची ठरली आणि धाकट्या भावानं मजकूर पाठवला: ‘निजामाच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकणारे आमचे आजोबा.’ आमचे आजोबा शिपाई दिसला तरी कमरेत वाकायचे. मला पटेना. सोलापूरहून थेट मुरूम गाठलं. तेव्हाचं डोळ्यांनी पाहिलेल्या आमच्या नव्वदीच्या आत्या तिथं राहतात.

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी इंग्लंडातल्या एका शहरी मतदारसंघाचा इतिहास घोकून घेतला होता. आधी मालमत्तावाल्या पुरुषांना मत, मग कामगारांना, सगळ्यात शेवटी बायकांना. पुढं तो शेजारच्या मतदारसंघात विरला, नावही गेलं. झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मुरूममध्ये कोण मत देत होतं, हे मात्र एकीनंही शिकवलं नाही.

उमरग्याचा रस्ता उत्तम. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. नळदुर्गला चहा घ्या, वडा टाळा. मुरूम मोडावर जीप मिळते.

“बसा मावशी, दोन शिटं आली की निगतोच,” चालक म्हणाला. चार आली, तरी तो चहाच पीत होता.

आत्यांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, मग सांगायला लागल्या. निजामाच्या १९४६ च्या त्या निवडणुकीत मतदारसंघ गावांचे नव्हते, धंद्यांचे होते. जमीनदारांचा वेगळा, व्यापाऱ्यांचा वेगळा. आजोबांचं अडतीचं दुकान, म्हणून त्यांना मत. निजामाविरुद्धच्या चळवळवाल्यांनी बहिष्कार सांगितलेला; आजोबांना धाक तहसीलदाराचा.

“म्हणजे ते गेले नाहीत ना?”

“जायलाच निगाले होते की. अव्वानं समदे पटके रिठ्याच्या पाण्यात बुडवले.”

अव्वा म्हणजे त्यांची आई, माझी आजी. उघड्या डोक्यानं कचेरीत जाणं तेव्हाच्या व्यापाऱ्याला जमणारच नव्हतं, आणि शेजाऱ्याकडं पटका मागायचा तर कारण सांगावं लागणार. आजोबा दिवसभर पटके वाळत घातलेल्या दोरीखाली बसून राहिले.

“आजीनं मुद्दाम केलं?”

“व्हय तर. चळवळीतल्या तिच्या भावाला पोलिसांनी नेलं होतं. म्हणाली, मला कुणी इचारलं न्हाय, आता तुमीबी जाऊ नका.”

घरी येऊन भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, आजीला मतच नव्हतं. तिचा कसला बहिष्कार?” हे वाक्य त्यानं मोठ्यानं म्हटलं आणि तरी त्याचं त्याला ऐकू आलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

आजीचं नाव गंगव्वा. तेही मला आत्यांना विचारावं लागलं; इंग्लंडातल्या त्या मतदारसंघाचं अजून पाठ आहे. पाटीवाल्याला मजकूर मीच देऊन आले: ‘गंगव्वा. हिनं बहिष्कार टाकला.’ खाली आजोबांसाठीही एक ओळ हवी, असा भावाचा हट्ट आहे. मी म्हटलं, जरूर लिही. ‘यांचे पटके वाळले नव्हते.’