लायनरला लावलेलं तेल

वाईत माझी टॅक्सी होती. पाचगणीच्या शाळांतली मुलं आणि त्यांचे आईबाप, हेच माझं भाडं. पसरणीचा घाट रोज चढायचा-उतरायचा, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे. मागच्या चाकांचे लायनर, म्हणजे घासून गाडी थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, झिजून रिबिटांपर्यंत आले, की नवे बसवायचं काम मीच करायचो.

उन्हाळ्यात लग्न झालं आणि पहिला दसरा आला. बायकोला गाडीतून तिच्या माहेरी, कवठे महांकाळला न्यायचं ठरलं होतं. चार महिने ती त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. खंडेनवमीला सकाळी मी मागची चाकं काढली, ब्रेकच्या अर्धगोल लोखंडी शूवर नवे लायनर ठोकून बसवले, चारही शू ओट्यावर वर्तमानपत्रावर मांडले आणि आंघोळीला गेलो.

येऊन बघतो तर ओट्यावर पूजा. पान्हे, हातोडा, जॅक ओळीनं मांडलेले, वर हळदकुंकू आणि झेंडू. त्याच ओळीत माझे चार शू, लायनरसकट तेलानं चकचकीत. सासरे लोहार. त्यांच्याकडे नवमीला हत्यारांवर तेलाचा हात फिरवल्याशिवाय पूजा होत नाही. हिनं तो अगदी मनापासून फिरवला होता.

माझं डोकंच फिरलं. "आगं, बिरिकला तेल? मारायचं हाय व्हय आपल्याला?" गल्ली गोळा होईल इतका ओरडलो. सणामुळे दुकानं बंद, दुसरे लायनर मिळणार नव्हते. "आता कसलं म्हायेर? बस घरात!"

ती रडली नाही. बांधून ठेवलेलं गाठोडं सोडायला बसली. एकेक लुगडं परत पेटीत जाताना बघून मलाच भरून आलं, पण चुकलो म्हणायची मला सवय नव्हती. मग तिनंच विचारलं, "समईचं तेल सोड्याच्या पान्यानं निघतंय. ह्येचं न्हाई निघायचं?"

मला खात्री नव्हती. तरी तिनं चूल पेटवली, धुण्याच्या सोड्यात शू उकळले, दोनदा पाणी बदललं. मी ते उन्हात खडखडीत वाळवून पॉलिश पेपरनं घासले. तेल वरवरच होतं. दुपारी चाकं चढवली आणि म्हटलं, घाटात एकट्यानं जाऊन बघतो. तर ही आधीच पुढच्या सीटवर.

"उतर," मी म्हणालो.

"त्याल म्या लावलंय. म्या बसनार."

घाट चढून गेलो आणि उतरताना बैलगाडीच्या चालीनं आलो. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. गाडी इकडंतिकडं न ओढता थांबली. पुढच्या दोन्ही वळणांवर तसंच.

"थांबतीया की," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर गाठोडं बांध," मी म्हणालो. यापेक्षा मोठी माफी मला येत नव्हती.

दसऱ्याला दुपारी कवठ्यात पोचलो. सगळी आळी गाडी बघायला लोटली. सासरे कौतुकानं बाहेर आले, एका हातात हळदकुंकवाचं ताट, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. दारात एवढं लोखंड आल्यावर ते कसले थांबतायत! ताट बोनेटवर ठेवलं, वाटीत बोटं बुडवली आणि मागच्या चाकाशी वाकले.

"त्याल नगो!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

सासरे दचकून मागं सरले. तिची आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, पण हिचं तिकडं लक्षच नव्हतं. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत होती. चार महिन्यांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती, आणि आता माहेरच्या दारात उभी राहून ती माझ्याकडेच बघत होती.