दोघांनी चाक बदलायचं

रात्रीत कडाका पडला होता. सकाळी शेडच्या पत्र्यावर दव गोठून पांढरं पीठ सांडल्यागत दिसत होतं, आणि अंगणातल्या नळाला कान लावला तरी आत हूं नाही की चूं नाही. ग्लेनिस नोस्केनं अर्ध्या पिंपात लाकडं पेटवली, वर किटली ठेवली आणि ती शाळेच्या बसखाली पाठीवर सरकली. ऑस्ट्रेलियातल्या ऐन हिवाळ्यात, जुलैची सुट्टी लागली की बस तिच्याकडं येते. शाळा उघडायच्या आत ऑइल बदलून, ब्रेक बघून परत द्यायची. पण असल्या थंडीत ऑइल कसलं उतरतंय. बूच काढलं तरी गुळाच्या पाकागत काळी तार लोंबत राहिली.

"पड बाई सावकाश, मला कुठं जायचंय," असं बसलाच सांगून ती बाहेर आली आणि पिंपाशी हात शेकत उभी राहिली. समोर धान्याच्या उंच कोठारावर गुलाबी काकाकुव्यांचं भांडण चाललं होतं. कौन्सिलच्या निवडणुकीत तरी काय वेगळं असतं, तिच्या मनात आलं.

आज लिंडसे टायव्हरची गाडी बघायची होती, आणि त्याच विचारानं तिला पहाटेपासून चहा गोड लागत नव्हता.

डॉसन्स वेल हे गाव म्हणजे डांबर संपतं ती जागा. त्याच्या पुढं तांबडी माती, गुरांची कुरणं, आणि त्याही पुढं सिम्प्सनच्या वाळवंटातले वाळूचे डोंगर, एकामागं एक, समुद्र मध्येच थांबल्यागत. तिकडं जाणारा माणूस गाडी तयार करायला ग्लेनिसच्या शेडमध्ये येतो, कारण त्यापुढं शेडच नाही. जादा टाकी बसवायची, स्प्रिंगा बदलायच्या, दुसरी बॅटरी जोडायची, रेडिओ लावायचा, हात धुऊन ती म्हणते, "जा आता, रस्ता मोकळा आहे." स्वतः मात्र ती त्या वाटेनं कधी गेलेली नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "हलवायाला पेढ्याची काय हौस?"

शेड तिच्या बापाची. बाप गेला तेव्हा तिनं तिशीही गाठली नव्हती, आणि लोकांनी गुपचूप आपापल्या गाड्या तासाभरावरच्या मोठ्या गावात न्यायला सुरुवात केली. तोंडावर कुणी बोललं नाही. पण पोरीच्या हातात ब्रेक कोण देणार? महिनाभर शेडमध्ये माश्या मारल्यावर एके दिवशी भर दुपारी कौन्सिलचा पिवळा ग्रेडर धडधडत आला आणि पबच्या बरोब्बर समोर, तिच्या दारात उभा राहिला. रस्ते सपाट करायचं ते अजस्र यंत्र चालवायचा लिंडसे टायव्हर. खाली उतरला, म्हणाला, "डावीकडं खडखडतंय, बघ जरा," आणि सगळ्या पबला दिसेल अशा बेतानं तिच्या पायरीवर बसून डबा खाऊ लागला. ग्रेडरला काहीच झालेलं नव्हतं. तिनं तरी तो पुरता उघडला, साफ केला, बंद केला. पुढच्या आठवड्यात शेतकरी येऊ लागले. त्या दिवसाबद्दल लिंडसे कधी एका शब्दानं बोलला नाही.

आता तो पंचाहत्तरीला टेकला होता. उभा जन्म त्यानं वाळवंटाकडं जाणारा रस्ता घासण्यात घालवला, पण त्याची हद्द ठरलेली. एका जुन्या पाटीपाशी पातं उचलायचं, तोंड फिरवायचं आणि माघारी यायचं. पाटीच्या पलीकडं त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. निवृत्त झाल्यावर क्रूझर, वाळूत चालणारी दणकट मोठी जीप, घेतली, म्हणाला, "वाळवंट ओलांडून पार पलीकडं बर्ड्सव्हिलला जाऊन बिअर पिणार." त्याला झाली चार वर्षं. दर हिवाळ्यात काही तरी राहिलेलं असायचं. आधी फ्रीज, मग सामानाचे खण, मग चिखलात अडकलो तर ओढायची दोरी, मग पबातल्या दोस्तांच्या गाड्यांना आहेत तसली दांडगी रुंद टायरं. ग्लेनिस म्हणाली होती, "लिंडसे, ही फार जड आहेत." तो म्हणाला होता, "तू आपली बसव, पोरी." तिनं बसवली. एक स्टेपनी मागं, एक टपावर. गाडी पोळ्याच्या बैलागत सजली होती, पोळा तेवढा उजाडत नव्हता.

यंदा रॉझ, त्याची बायको, म्हणाली, "आता गेलो नाही तर ही गाडी मी कोंबड्यांना देईन."

गाडीची काळजी ग्लेनिसला नव्हती. काळजी होती ती तिच्या स्वतःच्या नियमाची.

मागं एकदा एक जोडपं तिच्याकडून गाडी बनवून घेऊन गेलं. वाळूत नवरा टपावरून घसरला, मनगट मोडलं. त्याच दिवशी टायर फुटलं. बाई चांगली धडधाकट, पण नट कुठल्या बाजूला फिरवायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. गुरांचा ट्रक येईपर्यंत दोघं एका चाकापायी अडलेल्या गाडीशेजारी वाळूत बसून राहिली. पाणी होतं म्हणून निभावलं. परत आल्यावर ती बाई शेडमध्ये आली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू त्याला सगळं दाखवलंस. मी इथंच, त्या स्टुलावर बसले होते."

ग्लेनिसनं ते स्टूल त्याच दिवशी सरपणात टाकलं. तेव्हापासून नियम एकच. जाणाऱ्या प्रत्येकानं शेडसमोरच्या मातीत, आपल्या हातानं, एकट्यानं चाक बदलून दाखवायचं. जमलं तर किल्ली मिळेल, नाही तर नाही. डॉक्टर आले, पोलीस आले, एक पाद्री आला. सगळ्यांनी गुडघे मळवले.

क्रूझर अंगणात वळली. लिंडसे उतरला, रिवाजाप्रमाणं किल्ली ग्लेनिसच्या हातात टाकली, टोपी मागं सारली. "काय पोरी, तुझी ती परीक्षा उरकून टाकू. मी पोरगेला असताना रस्त्यावर लोकांची चाकं बदललीत, माहीत हाय ना?"

"माहीत आहे. चहा घे आधी."

"चहा नंतर."

रॉझ मागून उतरली, हातात क्वांडोंगच्या, तिकडच्या आंबट रानफळाच्या, मुरंब्याची बरणी. "आधी घे रे म्हाताऱ्या. नंतर तोंड कडू झालं तर?"

"हिला बोलायला काय जातंय," लिंडसे म्हणाला आणि जॅक काढला.

सुरुवात झकास झाली. जॅकखाली फळी घातली, नट आधी ढिले केले, मग गाडी उचलली. सगळं जिथल्या तिथं. चाक खाली आलं. त्यानं दुसरं चाक घरंगळत आणलं, उभं केलं, दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं.

चाक चार बोटं वर आलं आणि थांबलं. त्याचा उजवा खांदा कधीचा गेलेला होता. ग्रेडरच्या दांड्यांनी खाल्ला होता. तो हात छातीच्या वर जात नाही हे गावाला ठाऊक होतं, फक्त लिंडसेसमोर कुणी बोलत नव्हतं. त्यानं चाक ठेवलं, श्वास घेतला, पुन्हा उचललं. बोल्टाच्या टोकाला चाक घासलं आणि धप्पकन खाली बसलं. तिसऱ्यांदा त्याचं तोंड पांढरं पडलं.

गाडीच्या कुशीला लांब दांड्याचं फावडं बांधलेलं होतं. ग्लेनिसनं तिकडं पाहिलं. "फावडं घे की. पातं चाकाखाली सार, दांडा दाब. आपसूक वर येतंय."

"फावड्यानं टूरिस्ट चाक चढवतात," लिंडसे म्हणाला. "एकाला रस्त्यात बघितलेलं. म्हटलं, दादा, आता त्यानंच जेवतोस का?" तो हसला, पण हसू ओठांतच राहिलं. "पोरी, हे बघ. वेळ आली तर मी उचलीन. माणसाला वेळेला जोर येतो."

"येतो कधी कधी," ग्लेनिस म्हणाली.

"मग दे किल्ली."

ग्लेनिसच्या डोळ्यांपुढं पायरीवर बसून डबा खाणारा माणूस आला. तिनं हात चिंधीला पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"आज नाही, लिंडसे."

त्यानं पाना जागच्या जागी ठेवला, टोपी पुढं ओढली. फाटकापाशी थांबून म्हणाला, "इकून टाक ती गाडी. कोंबड्यांना तरी कशाला," आणि गावाच्या रस्त्यानं चालत निघून गेला.

रॉझ तिथंच उभी होती. ग्लेनिसला वाटलं, आता हिचं ऐकावं लागणार.

"तू त्याला किल्ली दिली असतीस ना," रॉझ म्हणाली, "तर मी घरी जाऊन सामान उतरवलं असतं. मला त्याच्याबरोबर जायचंय, त्याच्या मयताला बसायचं नाही तिथं वाळूत. आता मला दाखव."

"काय?"

"तेच. फावडं."

रॉझ चर्चच्या स्वयंपाकघरात पन्नास माणसांचं पातेलं उचलणारी बाई. मातीत बसली, पातं चाकाखाली सारलं, दांड्यावर कोपर टेकलं. चाक आज्ञाधारक वासरागत वर आलं. तिनं दुसऱ्या हातानं ते जरा फिरवलं, भोकं बोल्टांसमोर आणली, गुडघ्यानं आत रेटलं. नट आवळताना पान्यावर चक्क उभी राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली. "आणि ह्याच्यासाठी पुरुषांनी एवढी वर्षं आम्हाला गाडीत बसवून ठेवलं?"

ग्लेनिसला हसू फुटलं. "तू पास. पण नियम दोघांचा आहे, रॉझ."

रॉझनं स्कर्टची माती झटकली. फाटकाबाहेर लांबवर जाणाऱ्या टोपीकडं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "दोघांचाच ना? मग झालं. तू आणि मी. आपण दोघी जाऊ."

"मी?"

"का? तुझं काय अडलंय इथं? बस? बस काय पळून जाते?" रॉझ म्हणाली. "मी जाऊन सांगतेच त्याला."

ती गेली. ही थट्टा आहे हे ग्लेनिसला कळत होतं, आणि तरी दिवसभर बसखाली पडल्या पडल्या तिला वाळूचे डोंगर दिसत राहिले. कसला रंग असेल सकाळी? लोक सांगतात तांबडा, कुणी म्हणतं जांभळा. इतकी माणसं पाठवली, पण कधी नीट विचारलंच नव्हतं. ब्रेकचा एक पाइप तिनं दोनदा आवळला आणि एक तसाच विसरली. चहाला उठल्यावर आठवला.

दुसऱ्या दिवशीही तसाच कडाका. पिंप पेटायच्या आधी फाटक वाजलं. लिंडसे. रामराम नाही, दुवा नाही. तो सरळ क्रूझरपाशी गेला, फावड्याचा पट्टा सोडला, फावडं मातीत रोवलं आणि जॅक काढला. मागं दहा पावलांवर रॉझ, कोटाच्या खिशात हात.

"रात्रभर घोकत होती," तो ग्लेनिसकडं न बघता म्हणाला. "तू आणि ती कुठं मुक्काम करणार, तू आणि ती काय शिजवणार. माझ्या फ्रीजमध्ये. माझ्या गादीवर कोण झोपणार तेसुद्धा ठरलं."

"गादी मऊ आहे का?" ग्लेनिसनं विचारलं.

"तू गप ऱ्हा."

गाडी उचलली, चाक उतरवलं आणि तो मातीत बसला. बसायलाच त्याला वेळ लागला. पातं चाकाखाली घातलं. पहिल्यांदा ते निसटलं, चाक कलंडलं. ग्लेनिसचा हात आपसूक पुढं आला, तो तिनं डगल्याच्या खिशात कोंबला. रॉझनं तोंड फिरवून धान्याच्या कोठाराकडं बघायला सुरुवात केली. लिंडसेनं चाक पुन्हा उभं केलं, डाव्या हातानं दांडा दाबला, आणि त्या गेलेल्या उजव्या हातानं, तो जेवढा वर जातो तेवढ्यातच, चाक हळूहळू फिरवलं. एक बोल्ट आत. मग दुसरा. मग सगळं चाक अलगद जागेवर बसलं.

तो तसाच मातीत बसून राहिला. "ग्रेडरमध्ये फावडं कायम होतं," तो म्हणाला. "उभ्या जन्मात रस्त्यासाठीच वापरलं."

"चहा ठेवलाय," ग्लेनिस म्हणाली.

"यातला एक शब्द पबात गेला तर तुझी शेड पेटवीन."

"पेटव. नळ गोठलाय, विझवता पण यायची नाही."

चहा पिता पिता त्यानं टपाकडं बघितलं. "ती वरची स्टेपनी खाली घे. तेवढं वजन डोक्यावर घेऊन काय मिरवायचं? एक बास झाली." ग्लेनिसनं ती उतरवली. ती उतरली तशी गाडीनं स्प्रिंगांवर सुस्कारा सोडला. रॉझनं तिथल्या तिथं ठरवलं की त्या जागी घडीच्या दोन खुर्च्या बांधायच्या, आणि लिंडसे म्हणाला, "हां, बायका आल्या की फर्निचर आलं." मग दोघं बांधणीवरून भांडू लागली, तेव्हा ग्लेनिसला कळलं की आता ही नक्की जाणार.

किल्ली तिनं रॉझच्या हातात दिली.

लिंडसेनं ते बघितलं. गाडीला वळसा घातला आणि गाडीत बसला, डाव्या बाजूला. ऑस्ट्रेलियातही ती जागा चालवणाऱ्याची नसते. काच खाली करून म्हणाला, "पाटीपर्यंत ही चालवेल. तिथून पुढं मी." मग जरा थांबून, "आणि तू कधी जाणार? का आमच्यासारख्यांना ढकलण्यातच जन्म घालवायचा?"

"पुढच्या वर्षी बघू," ग्लेनिस म्हणाली. तिचं तिलाच जाणवलं की हे वाक्य चार वर्षं लिंडसे म्हणत होता.

त्यालाही जाणवलं असावं. तो हसला. "फ्रीज घेऊ नकोस मग. तिथनंच सगळं लांबत जातं."

"सकाळी वाळूचा रंग कसा असतो, बघून ठेव," ती म्हणाली. "नीट बघ. मला सांग."

"सांगतो."

क्रूझर डांबर संपलं तिथं जराशी दबकली, मग तांबड्या धुळीत शिरली. धूळ खाली बसेपर्यंत ग्लेनिस फाटकाशी उभी राहिली. मग तिनं उतरवलेली स्टेपनी भिंतीला आडवी टाकली. बसायला बरी होती. जळालेल्या स्टुलानंतर शेडमध्ये बसायला काही नव्हतंच.

पण ती बसली नाही. नळातून एक थेंब पडला, मग दुसरा. तिनं ऑइलनं भरलेलं घमेलं बाहेर ओढलं आणि ती पुन्हा शाळेच्या बसखाली सरकली. कालचं ऑइल सगळं उतरलं होतं. आता बूच घट्ट बसवायचं होतं.