पाखरीच्या कानातली चाल

चनबसाप्पा गवळी चालायचा तेव्हा आवाज व्हायचा, धप्, सर्र. उजवा पाय जमिनीवर पडायचा, डावा मागून ओढत यायचा. तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला होता. ताप उतरला, पण डावा पाय त्यानंतर वाळतच गेला. आता चाळिशी उलटून गेली, तरी आपल्या पायांना असा आवाज आहे हे त्याला कधी जाणवलं नव्हतं.

तो आवाज ऐकायची पाखरी. ती त्याची म्हैस. आई मेलेलं रेडकू त्यानं बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं. रोज संध्याकाळी तो गोठ्यातून निघे आणि गल्लीतून वाट काढत कोपऱ्यावर येई. तिथं गिऱ्हाइकं धारोष्ण दुधासाठी पेले घेऊन उभी असत. पाखरी दाव्याशिवाय मागं यायची. तो थांबला की थांबायची. कोपऱ्यावर त्यानं हात लावायच्या आधीच तिचे सड भरून आलेले असत.

दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतले गवळी म्हशींची शिंगं रंगवत, गळ्यात कवड्यांच्या माळा घालत आणि सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली नदीच्या घाटापर्यंत पुढं दामटत. त्या फटफटाटामागं म्हशी धावत सुटायच्या. चनबसाप्पाला गाडी चालवता येत नव्हती. तो पायी निघायचा आणि पाखरी त्याच्या मागं. पायांच्या आवाजामागं येणारी त्या मिरवणुकीत ती एकटीच. वर्षातल्या त्या एका दिवशी लोक त्याच्या पायाकडं बघत आणि त्याला बरं वाटे.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा गुडघा सुजला. चांगला पाय दोन पायांचं काम करतोय, डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर चार वर्षांत बसून राहाल. त्याची मुलगी शांभवी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. एका सकाळी तिनं गोठ्याच्या जमिनीवर चुलीतली राख पसरली आणि आधी पाखरीला, मग बापाला त्या राखेवरून चालवलं.

"आप्पा, हे बघा. पुढचा पाय उचलला की मागचा बरोबर त्याच जागी पडतोय. एकदा चाचपलेली जागा, परत चाचपायला नको."

"आणि माझं?"

राखेत उजवं पाऊल खोल रुतलं होतं. डाव्याला मागं लांब शेपूट होतं, स्वल्पविरामासारखं. चनबसाप्पा ते शेपूट बराच वेळ बघत राहिला. चाळीस वर्षं आपण गावभर असे स्वल्पविराम टाकत आलो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि विरून गेलं.

गणपती झाल्यावर शांभवीनं त्याला अपंगांच्या एका शिबिरात नेलं. तिथं डाव्या पायाला बांधायचं लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि जाड तळव्याचा बूट मिळाला. थोड्याच दिवसांत पाय सरळ पडू लागला. टक्, टक्. राखेत आता शेपूट उमटेना. गुडघ्याची सूज उतरली.

पण पाखरी मागं येईना. कोपऱ्यावर पोचून त्यानं वळून पाहिलं, तर गल्ली रिकामी. ती गोठ्याच्या दारात कान ताठ करून उभी होती. "बा, अव्वा, बा," ये, आई, ये, अशी त्यानं घरातल्या कानडीत हाक मारली. हाकेसरशी ती चार पावलं आली आणि टक् टक् ऐकून पुन्हा थबकली. कशीबशी कोपऱ्यावर आणली, तर तिनं पान्हा चोरला.

शेजारचा सयाजी ओरडला, "काय चनबसाप्पा, म्हशीला वाटलं कुणी पावणं आलंय!"

"पावणंच झालोय की," तो म्हणाला.

दुपारी डोळा लागला की त्याला दिसायचं, आपल्या पायांचा आवाज एकटाच पुढं निघालाय, त्याच्या मागं पाखरी, आणि आपण मात्र गोठ्यात बसलोय.

पाडवा चार दिवसांवर आला. कॅलिपर काढलं तर गुडघा जाणार, नाही काढलं तर पाखरीला दावं लावायचं. "लावा की दावं," त्याची बायको दानम्मा म्हणाली. "सगळ्यांच्या म्हशींना असतंय." पहाटे गोठ्यात जाऊन त्यानं कॅलिपर सोडून ठेवलं आणि जुन्यासारखा चालू लागला. धप्... सर्. धप्. कंबर नको तिथं वळली, डावा पाय ओढायचा तेवढा ओढला जाईना. पाखरीनं एकदा बघितलं आणि गव्हाणीत तोंड घातलं.

शांभवी दारात उभी होती. "आप्पा, तुम्ही लंगडायची नक्कल करताय."

त्याला हसू आलं. मग तो तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसला.

पाडव्याला गाड्या गेल्या, धूर खाली बसला. चनबसाप्पानं कॅलिपर चढवलं, दावं खांद्यावर टाकलं, गोठ्याचं दार उघडलं आणि पुढं न जाता बाजूला उभा राहिला. पाखरीनं कवड्या वाजवत मान हलवली. थोडा वेळ वाट पाहिली. मग आपली आपण बाहेर पडून ओळखीच्या रस्त्यानं नदीकडं निघाली. तो मागून.

इतकी वर्षं ती मागं होती, त्यामुळं तिचं चालणं त्यानं कधी बघितलंच नव्हतं. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. एवढं अवजड अंग, पण पाण्यावर ठेवल्यासारखं जात होतं. धुळीत तिच्या खुरावर खूर पडत होता आणि त्यावर त्याचा बूट. तिच्या चार ठोक्यांत त्याचे दोन ठोके केव्हा मिसळले, त्याला कळलं नाही. मधली शांतता कुणाची हेही कळेना.

घाटाच्या उतारावर दम लागून तो थांबला. पाखरी दोन पावलं गेली आणि थांबली. मान वळवली नाही, फक्त एक कान मागं फिरवला. त्यानं पाऊल टाकलं. टक्. ती चालली. तो थांबला. ती थांबली.

परतणाऱ्या सयाजीनं गाडी हळू केली. "चनबसाप्पा, म्हशीनं तुला पाळलंय व्हय?"

"व्हय. दावं माझ्याच खांद्यावर हाय की."

संध्याकाळी पाखरी त्याच्या आधी कोपऱ्यावर पोचली. तो अजून दहा-बारा पावलं लांब होता, सावकाश येत होता, टक्, टक्. पेला घेऊन उभ्या असलेल्या शालूबाईंनी म्हशीच्या कासेकडं पाहिलं आणि ओरडून म्हणाल्या, "अवं, पाय उचला की! हिनं पान्हा सोडलाय."