साडूभाऊंचं सुतक

जगाच्या पाठीवर कुठेही एखाद्या रॉक बँडने आपला सूर बदलला, की त्याचं सुतक जबलपुरात, चेरीतालच्या एका दुमजली घरात पाळलं जातं. ते घर माझ्या साडूभाऊंचं. त्या बँडवाल्यांना याची कल्पना नसते. ते बिचारे तिकडे नवा अल्बम काढून खुशीत फोटो काढून घेत असतात, आणि इकडे साडूभाऊ डोक्यावरून गार पाणी घेऊन, दाढी न करता, ओसरीत चटईवर बसलेले असतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं लग्न यांच्याशी ठरलं तेव्हा सासरेबुवांनी पत्रिका पाहिली, पगार पाहिला, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारला. मुलाला गाण्याची आवड आहे एवढं कळल्यावर मात्र त्यांनी भजनं गृहीत धरली.

साडूभाऊंनी नोकरी फॅक्टरीत केली, आणि तीही तपासणी खात्यात. टेबलावर नमुन्याचा एक बोल्ट ठेवायचा आणि दिवसभर समोर येणारा प्रत्येक बोल्ट त्याच्याशी ताडून पाहायचा. केसाएवढा फरक दिसला की बाजूला. रिटायर झाले तरी तो नमुना काही त्यांच्या डोक्यातून उठला नाही. बँडचा पहिला अल्बम म्हणजे नमुना, आणि पुढचे सगळे त्याच्याबरहुकूम हवेत. "बँड म्हणजे काय, राजे?" ते मला विचारतात. मला ते राजे म्हणतात. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मी अजून ठरवलेलं नाही. "बँड म्हणजे जबान. एकदा दिली तर दिली. पहिल्या अल्बममध्ये सांगितलं ना, की आम्ही असे आहो? मग तिसऱ्यात बासरी काहून वाजवून राहिले?" आणि हा नियम गाण्यापुरता असता तरी चाललं असतं. बाजारातल्या एका हलवायाने खव्याच्या जलेबीत वेलची घालायला सुरुवात केली, तेव्हा साडूभाऊंनी एक तुकडा तोंडात टाकून बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, "भैया, पहले वाली बनाओ." हलवाई म्हणाला, "बाबूजी, लोगों को नया चाहिए." "सब यही बहाना करते हैं," साडूभाऊ म्हणाले. त्या दुकानावरून जाताना ते आजही मान दुसरीकडे वळवतात.

बँडची खरी नावं त्यांच्या घरात कोणी घेत नाही. ताई, म्हणजे त्यांची बायको, शाळेत शिकवायची, तिला इंग्रजी नावांचं काही अवघड नव्हतं. पण "मेल्यांची नावं काय पाठ करायची" म्हणून तिने अल्बमवरची चित्रं पाहून सगळ्यांचं बारसं करून टाकलं. टकल्याचे, कुलूपवाले, ओल्या केसांचे, आणि सगळ्यांत थोर ते दाढीवाले. दाढीवाले हे साडूभाऊंचं दैवत. गेली कित्येक वर्षं ते एकच गाणं नवनव्या नावांनी म्हणत आले आहेत. सुरुवातीला धाडधाड, मध्ये कोणीतरी किंचाळतो, शेवटी पुन्हा धाडधाड. साडूभाऊ डोळे मिटून ऐकतात, आणि समेवर दाद द्यावी तसे मांडीवर थाप मारून म्हणतात, "वा! काहीच फरक नाही!"

या दाढीवाल्यांच्या पहिल्या अल्बमची त्यांच्याकडची कॅसेट मात्र जगात एकच आहे. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मित्राने ती कॅसेट एका दुपारपुरती उसनी दिली होती. साडूभाऊंनी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, घरात सगळ्यांना बोलायची बंदी केली, पंखासुद्धा बंद केला आणि नक्कल उतरवायला बसले. ऐन गिटार रंगात आलेली असताना स्वयंपाकघरातून नव्या नवरीचा आवाज आला, "अहोऽऽ, दूध उतू चाललं!" ताईचे हात कणकेत होते, तिचाही इलाज नव्हता. मित्र संध्याकाळी कॅसेट घेऊन गेला, आणि साडूभाऊंकडे ते गाणं दुधासकट राहिलं. पुढे पुण्याच्या पुतण्याने त्याच अल्बमची स्वच्छ सीडी पाठवली. साडूभाऊंनी ती मन लावून ऐकली, गिटारच्या जागी कान टवकारले, आणि सीडी परत डबीत घातली. "यात काहीतरी बदललं," ते म्हणाले. "यात दूध नाही."

ताईचा आवाज होताच तसा, पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या खुळखुळाव्यात असा खणखणीत. तिची "अहोऽऽ" चौकापर्यंत जाई. पनागरहून भाजी घेऊन येणारी बाई ती हाक ऐकून चौकातूनच "आ रही हूँ, दीदी!" म्हणून ओ देई. साडूभाऊ मला अभिमानाने सांगत, "तुमच्या ताईचा आवाज म्हणजे दाढीवाले. लग्नापासून आजपर्यंत, काहीच फरक नाही." त्यांच्या लेखी याच्यावर कौतुक नव्हतं. ताई मात्र हे पहिल्यांदा ऐकल्यावर चार दिवस फुगून बसली होती.

कुलूपवाल्यांनी व्हायोलिनं आणली ती दिवाळीच्या तोंडावर. अल्बम अर्धा ऐकून साडूभाऊ उठले ते थेट मोरीत गेले आणि ओले होऊनच बाहेर आले. "संपले," एवढंच म्हणाले. ताईने बेसन भाजायला घेतलं होतं, तो गॅस बंद झाला. दुसऱ्या दिवशी पनागरवाली भाजी घेऊन आली, तर बाबूजी चटईवर, दाढीचे खुंट वाढलेले. ती पदर डोक्यावर घेऊन हळूच म्हणाली, "दीदी, कौन शांत हो गए?"

"इनके बाजेवाले," ताई म्हणाली. "विलायत में."

"हाय राम, इतनी दूर!" पनागरवाली हळहळली. "मुँह भी नहीं देख पाए होंगे." तिने साडूभाऊंना हात जोडले आणि ताईच्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी वरून टाकली. साडूभाऊंनीही गंभीरपणे मान हलवून सांत्वन स्वीकारलं.

ती सीडी ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत शिरवायची असा त्यांचा बेत होता. "नर्मदामाईने तुमचं काय घोडं मारलं?" असं ताईने विचारल्यावर तो बारगळला, आणि सीडी पांढऱ्या फडक्यात बांधून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत गेली. तिथे बाटलेल्या बँडचा मोठाच गोतावळा आहे. दहाव्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. ताईने बजावलं, जिवंत माणसांचा पिंड मी करणार नाही, फार तर वडे तळून देते. साडूभाऊंनी गच्चीच्या कठड्यावर पानात वडा ठेवला. कावळा शेजाऱ्यांच्या टाकीवर येऊन बसला, पण शिवेना. आम्ही उन्हात उभे. साडूभाऊ म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल." मग हात जोडून कावळ्याला म्हणाले, "व्हायोलिनवाल्यांना काढून टाकतील." कावळा ढिम्म. "जुना गिटारवाला परत येईल." कावळ्याने मान वाकडी केली. शेवटी खालून ताईची हाक आली, "अहोऽऽ, उरलेले वडे गार होऊन राहिले!" आणि कावळ्याने झडप घालून वडा उचलला. "पाहिलं?" साडूभाऊ डोळे पुसत म्हणाले. ते घामाने ओले होते की आणखी कशाने, मी विचारलं नाही.

मी त्यांच्या पंथातला नाही. माणूस बदलतो, तर त्याचं गाणं का बदलू नये, असं माझं स्वच्छ मत आहे, आणि ते मी दर रविवारी स्कूटरवर गढ्याच्या माझ्या घरून चेरीतालला नेऊन मांडतो. कुलूपवाल्यांची व्हायोलिनं मला तर फार आवडली होती. "साडूभाऊ, नवा सूर पहिल्यांदा पटत नाही. दोन-चारदा ऐकून तर पाहा!" मी म्हणायचो. "फाटलेलं दूध दोन-चारदा प्यायलं तर चांगलं होते काय?" ते विचारायचे. मग ताई पोह्यांच्या बशा आणून ठेवायची, आणि पोहे तरी कसे नेहमीसारखे आहेत यावर आमचं एकमत व्हायचं.

मागच्या वर्षी ताईच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली, पण ती अशा जागी होती की आवाजाला धक्का लागणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. ताईचा आवाज खाली बसला तो बसलाच. जाड, घोगरा, रजईतून बोलल्यासारखा. हा आता असाच राहील, म्हणाले. आम्ही सगळे गाठीच्या काळजीतून सुटल्याच्या आनंदात होतो. पण घरी आल्यावर ताई बोलेचना. साडूभाऊंना बोलवायचं तर वाटीवर चमचा वाजवायची. चहा झाला, टिणटिण. जेवायला चला, टिणटिण. पनागरवालीला भाजी बोटाने दाखवायची. माझ्या बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने तिला जवळ ओढून कानात सांगितलं, "यांना बदललेला सूर चालत नाही, तुला तर माहीत आहे. माझ्या वेळी वडे कोण तळेल?" सांगताना ती हसत होती म्हणे, आणि डोळे भरले होते. माझी बायको गढ्याला पोचेपर्यंत स्कूटरवर मागे बसून रडली.

मला साडूभाऊंचा असा राग कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारीच मी भांडायला म्हणून गेलो. ओसरीतच व्हायोलिनं ऐकू आली. आत पत्र्याची पेटी खाली उतरवलेली, पांढरी फडकी जमिनीवर पसरलेली, आणि कुलूपवाल्यांचा तो बाटलेला अल्बम लावून साडूभाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेले. चेहरा कारल्याचा रस पोटात उतरत असावा तसा.

"हे काय?" मी विचारलं.

"सराव करून राहिलो."

"कशाचा?"

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती बोलत नाही, राजे. मी तोंड वाकडं करीन म्हणून भिऊन राहिली. आणि केलंच तर? माझा काही भरोसा नाही. जन्मभर तेच केलं मी. म्हणून म्हटलं, तोंडाला आधी सवय लावू. रोज दुपारी तिचा डोळा लागला की ऐकतो. कालपर्यंत व्हायोलिन आलं की उठून जात होतो. आज बसलो आहे."

मी भांडण कुठल्या कुठे विसरून त्यांच्या शेजारी बसलो. व्हायोलिनं वाढत गेली. साडूभाऊंच्या कपाळावर घाम आला, पण ते हलले नाहीत. तेवढ्यात ताई दारात आली. हातात चमचा होता, पण तिने तो वाजवला नाही. पेटी पाहिली, फडकी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि घाबरून बोलूनच गेली, "अहो, काय झालं तुम्हाला? हे तर मेलेले ना? यांच्यासाठी मी वडे तळले होते!"

तो जाड, घोगरा आवाज खोलीत आला आणि आम्ही तिघंही थबकलो. ताईने पदर तोंडाला लावला. मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. बोल्ट हातात घेतल्यावर घेत असतील तेवढा वेळ त्यांनी घेतला. चेहऱ्यावर एक रेघसुद्धा वाकडी झाली नाही.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

"काय पुन्हा बोलू? डोकं फिरलं काय तुमचं?"

"बोलत राहा. एका वेळेत नाही कळत. दोन-चारदा ऐकावं लागते."

हे माझं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता, जणू स्वतःलाच सुचलं आहे अशा थाटात म्हटलं. मी हरकत घेतली नाही. ताई दारातच खाली बसली. आधी रडली, मग हसली, आणि मग इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. जमिनीवरचा पसारा, न दिलेली इस्त्री, पनागरवालीने गळ्यात मारलेली किडकी वांगी, सगळ्यांचा समाचार झाला. साडूभाऊ मधूनमधून मांडीवर थाप मारत होते.

आता ताई पहिल्यापेक्षा जास्तच बोलते. साडूभाऊ मात्र सुधारले असं कोणी समजू नये. मागच्याच महिन्यात ओल्या केसांच्या बँडने कीबोर्ड आणला, तर हे ओले होऊन मोरीतून बाहेर. मी ताईचं उदाहरण दिलं, तर म्हणाले, "कीबोर्ड म्हणजे कीबोर्ड, राजे. तुमच्या ताईची गोष्ट अलग आहे." फक्त ताईची हाक आता ओसरीपर्यंत पोचत नाही, म्हणून त्यांनी आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवली आहे. दाढीवाल्यांची ती कॅसेट कुठे दिसेना, म्हणून मी विचारलं. त्यांनी माळ्याकडे बोट केलं. "पांढऱ्या फडक्यात ठेवली. तुमच्या ताईसमोर नाही लावत आता. त्या दुधाच्या जागेवर ती चूप होते."

त्या संध्याकाळी गढ्याला परतताना स्कूटर चालवता चालवता माझ्या तोंडात तेच गाणं आलं. धाडधाड, धाडधाड, मग ती गिटार. त्या जागेवर मी गाता गाता आपोआप थांबलो, आणि मागून माझ्या बायकोने, थोरल्या बहिणीच्या जुन्या आवाजात, सगळा रस्ता वळून पाहील अशी हाक दिली, "अहोऽऽ, दूध उतू चाललं!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग ती माझ्या पाठीला डोकं टेकून बसली, आणि मी स्कूटरचा वेग कमी केला.