कारवीपुढच्या बाईसाहेब

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली भंडारदऱ्याकडच्या डोंगरात कारवी फुलली. ती सात वर्षांतून एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. माझं माहेर त्याच बाजूचं. लग्न झाल्यापासून मी यांच्या मागे लागले होते, "अहो, एकदा तो निळा डोंगर बघा, फोटो काढा."

यांनी उसना कॅमेरा आणला खरा, पण सोबत ऑफिसातले साहेब आणि बाईसाहेबही आणल्या. धरणावर बाईसाहेब उभ्या, धबधब्यापाशी बाईसाहेब उभ्या. रोल तिथंच संपत आला. चिखल तुडवत मी सगळ्यांना उतारापर्यंत नेलं. अख्खा डोंगर निळाजांभळा झाला होता आणि फोटो एकच उरला होता. यांनी बाईसाहेबांना फुलांपुढं उभं केलं, जणू कारवी त्यांच्यासाठीच फुलली होती. मला म्हणाले, "तू जरा बाजूला हो, सावली पडतेय."

फोटो ब्लॅक अँड व्हाइट. पदरामागं कारवी नुसती गवतासारखी दिसत होती. मी फणकारले तर म्हणाले, "त्यात काय एवढं? सात वर्षांनी परत फुलेलच की!"

फुलली. तोवर साहेब बदलले होते. नव्या बाईसाहेबांना चिखल खपत नव्हता, म्हणून आम्ही गेलोच नाही.