चार नंबरची डिस्क

वहिनी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करून द्यायच्या आणि त्यांच्या खणात हार्ड डिस्कचा नुसता बाजार भरलेला असायचा. एक फाइल हवी असली की सगळ्या डिस्क एकेक करून लावत बसा. शेवटी वैतागून त्यांनी प्रत्येक डिस्कला नंबर चिकटवला आणि आत काय काय आहे त्याची सूची कॉम्प्युटरवर चढवली. आता डिस्क न लावताही, नाव टाकलं की नंबर समोर यायचा.

पहिली मागणी घरातूनच आली. "आईचा तो गाण्याचा व्हिडिओ काढ ना," नवरा म्हणाला. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं.

वहिनींनी नाव टाकलं. चुटकीसरशी उत्तर आलं, डिस्क चार. त्यांनी ती ऐटीत लावली, तर आत सगळे मारधाडीचे सिनेमे.

"अगं, ती मी पुसून घेतली," नवरा चाचरत म्हणाला. "सगळं तुझ्या कॉम्प्युटरवर दिसत होतं. मला वाटलं, तू उतरवून घेतलंयस."

"तिथे नुसती नावं आहेत."

वहिनींनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. फाइलचं नाव, तारीख, सगळं जागच्या जागी होतं.

"घे. बघ डोळे भरून."